पांढरी गाडी, केशरी गाडी

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत नवी गाडी घ्यायची ठरली की पहिला वाद कंपनीवरून होतो, दुसरा पेट्रोल की सीएनजी यावरून, आणि तिसरा रंगावरून. पहिल्या दोन वादांत घरातली जाणती माणसं बोलतात. तिसऱ्यात सगळेच बोलतात, अगदी शेजारच्या काकूसुद्धा. आमच्याकडे यंदा हा तिसरा वाद तीन आठवडे चालला.

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मत पक्कं होतं. गाडी पांढरीच. उन्हात कमी तापते, धूळ कमी दिसते, ओरखडा पडला तरी रंग जुळवून मिळतो आणि विकायला काढली की आठवड्यात गिऱ्हाईक दारात. नवऱ्याला काळी हवी होती, कारण ती 'भारी दिसते'. आणि सहावीतल्या लेकीला केशरी. का, तर शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांत आपली लगेच सापडली पाहिजे. तिचं कारण ऐकून आम्ही मोठे हसलो होतो. पण पुढे विचार करत गेले तेव्हा मला वाटायला लागलं की तिघांत सगळ्यात कामाचं कारण तिचंच होतं.

या वादाला धार आली ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी ढकललेल्या एका बातमीने. 'सावधान! देशात सर्वाधिक चोरी पांढऱ्या गाड्यांची.' त्याखाली मामांनी एकच वाक्य लिहिलं होतं : 'माझी पण पांढरीच होती.' त्यावर गटावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

मामांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मागच्या हिवाळ्यात, लग्नसराईत, बायपासजवळच्या एका मॅरेज गार्डनमध्ये रिसेप्शन होतं. मामा-मामी साडेआठला पोचले, मैदानात गाडी लावली, जेवण झालं, वर-वधूबरोबर फोटो झाला. अकराला बाहेर येऊन बघतात तर गाडी नाही. आधी वाटलं, आपणच जागा विसरलो. मामी एका टोकाने, मामा दुसऱ्या टोकाने, चावीचं बटण दाबत हिंडले. पांढऱ्या गाड्यांच्या रांगाच रांगा होत्या आणि त्यातल्या एकीचाही दिवा लुकलुकला नाही.

मग पोलीस ठाणं. हेड साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. "कलर?" "सफेद." त्यांनी मान वर करून मामांकडे पाहिलं आणि परत लिहायला लागले. "कोई खास निशान?" मामांनी सांगितलं, मागच्या काचेवर गणपतीचं स्टिकर आहे. हेड साहेब म्हणाले, "बाबूजी, वो तो आधे इंदौर की गाड़ियों पर है." चिडून नव्हे, अगदी सहज.

दुसऱ्या दिवशी मॅरेज गार्डनच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघायला मिळालं. रात्री असे कॅमेरे बहुधा इन्फ्रारेडवर जातात आणि चित्र कृष्णधवल होतं. त्यात हेडलाइटची झळाळी. साडेनऊ ते साडेदहाच्या मध्ये एकामागून एक फिक्या रंगाच्या गाड्या बाहेर पडत होत्या. मामा एकेका गाडीवर बोट ठेवत होते : ही असेल, नाही, ती असेल. चार वर्षं ज्या गाडीतून ते रोज दुकानात गेले, ती त्यांना ओळखता येत नव्हती. गाडी गेल्याचं दुःख होतंच, पण मामांना जास्त लागलं ते हे. "आपलीच वस्तू आणि आपल्यालाच सांगता येईना," असं ते पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिले.

म्हणून रंगाचा प्रश्न मी थोडा गंभीरपणे घ्यायचं ठरवलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तेव्हा सुरुवात त्या बातमीपासूनच केली.

वर्गात मी मुलांना पहिल्याच आठवड्यात असा एक हिशोब घालते. समजा, एका वस्तीत शंभर गाड्या आहेत आणि त्यातल्या चाळीस पांढऱ्या आहेत. चोर डोळ्यांवर पट्टी बांधून येतो आणि दहा गाड्या नेतो. त्यात पांढऱ्या किती असतील? साधारण चार. बाकीचे सहा निळ्या, लाल, करड्या, काळ्यांमध्ये वाटले जातील. म्हणजे यादीत पांढरा रंग पहिला येणार, आणि चोराने तर रंग पाहिलेलाही नाही. आपल्या देशात खरोखरच विकल्या जाणाऱ्या नव्या दहा गाड्यांपैकी साधारण चार पांढऱ्या असतात. त्यामुळे 'सर्वाधिक चोरी पांढऱ्या गाड्यांची' हे वाक्य खरं असलं तरी त्यावरून पांढरी गाडी घेणं धोक्याचं आहे असं सिद्ध होत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : रस्त्यावरच्या दर हजार पांढऱ्या गाड्यांमागे किती गेल्या आणि दर हजार केशरी गाड्यांमागे किती?

असा हिशोब नेदरलँड्समध्ये झाला आहे. तिथे प्रत्येक गाडीचा रंग सरकारी नोंदीत असतो आणि चोरीच्या नोंदीही व्यवस्थित असतात. बेन व्होलार्ड नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने 2004 ते 2008 या काळातल्या नोंदी रंगानुसार तपासल्या. काळ्या गाड्या त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त जात होत्या, आणि विरळा रंगांच्या कमी. गुलाबी गाड्या शंभराहून थोड्याच अधिक होत्या. त्यातली एकही चोरीला गेली नाही.

हे लेकीला सांगितलं तेव्हा ती टाळ्या वाजवायला लागली. पण मास्तरकी सुटत नाही. मी तिला म्हटलं, थांब. समजा, नव्या गाड्यांतल्या हजारात तीनच वर्षभरात चोरीला जातात असं धरलं, तर शंभर गाड्यांतली वर्षाला एकही न जाणं ही काही मोठी नवलाची गोष्ट नाही. कोणत्याही रंगाच्या शंभर गाड्या घेतल्या तरी बहुतेक वर्षी तसंच होईल. गुलाबी रंगात जादू आहे, असं एवढ्या लहान आकड्यावरून म्हणता येत नाही. पण काळ्या गाड्या हजारोंनी असतात, तिथे फरक दिसला तर त्याला वजन असतं. आणि तो फरक का पडत असावा, याची कारणं आपल्याला समजतील अशी आहेत.

गाडी चोरणारा ती स्वतः मिरवायला नेत नाही. त्याला ती खपवायची असते, आणि खपवण्याचे ठोक मार्ग तीन. पहिला, अख्खी गाडी दुसऱ्या प्रांतात नेऊन विकणं. तिथे घेणाऱ्यालाही तोच रंग हवा असतो जो बाबांना हवा आहे. ज्या कारणासाठी आपण म्हणतो की पांढऱ्या गाडीला गिऱ्हाईक पटकन मिळतं, त्याच कारणासाठी ती चोरालाही सोयीची.

दुसरा मार्ग म्हणजे गाडी मोडून सुटे भाग विकणं. दरवाजा, बॉनेट, बंपर. ज्याची गाडी ठोकली गेली आहे त्याला आयता पांढरा दरवाजा मिळाला तर रंगकाम फारसं करावं लागत नाही. केशरी दरवाजा घेणारा शोधत बसावा लागतो.

तिसरा मार्ग सगळ्यात वाईट. अपघातात पार चेंदामेंदा झालेली, विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवलेली गाडी भंगारात विकली जाते. तिच्याबरोबर कधीकधी तिची कागदपत्रंही फिरतात. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिचा चेसिस नंबर खोडून भंगारातल्या गाडीचा नंबर ठोकायचा, आणि मेलेल्या गाडीच्या कागदांवर चोरीची गाडी जिवंत करायची. आपल्या आरसीवर रंगाचा रकाना असतो, म्हणून इथे रंग जुळणं आवश्यक असतं. पांढऱ्या गाड्यांचे कागद भंगारात भरपूर मिळतात, केशरीचे शोधावे लागतात.

गाडीला सरळ दुसरा रंग का मारत नाहीत, असा प्रश्न लेकीने केला. मी आमच्या गॅरेजवाल्या भैयांना विचारलं. ते हसले. बाहेरून रंग मारणं सोपं, म्हणाले, पण दरवाजा उघडल्यावर आतली कड, बॉनेटखालचा भाग, डिकीच्या चटईखाली, पेट्रोलच्या झाकणामागे जुना रंग राहतोच. तो घालवायचा तर काचा काढा, रबर काढा, अर्धी गाडी खोला. एवढं करण्यापेक्षा चोर सरळ शेजारची पांढरी गाडी नेईल.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्याकडे पुढे येते.

एवढं सगळं झाल्यावर नवऱ्याने मुद्द्याचा प्रश्न विचारला. "म्हणजे रंगाने चोरी किती टळते? आणि कुलपाने किती?" प्रश्न बरोबर होता. रंगाचा परिणाम असेल तो असेल, पण चावीपुढे तो फारच किरकोळ आहे.

याचा पुरावाही नेदरलँड्समधूनच मिळतो. इमोबिलायझर नावाचं छोटं इलेक्ट्रॉनिक उपकरण असतं. चावीत एक चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. युरोपीय संघाने 1998 पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं केलं. याच व्होलार्ड यांनी यान व्हान और्स यांच्याबरोबर त्याचा अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की त्यामुळे गाडी चोरीला जाण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास कमी झाली. कोणताही रंग एवढं काम करणार नाही.

उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथे विकल्या गेलेल्या किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. 2015 सालच्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांत तो मुळातच होता, या दोन कंपन्यांच्या मात्र 26 टक्क्यांतच. स्टीअरिंगखालचं आवरण काढून साध्या यूएसबी वायरच्या टोकाने गाडी सुरू करण्याची युक्ती 2021-22 मध्ये पोरांनी व्हिडिओ करून पसरवली आणि शहरोशहरी या गाड्या धडाधड गेल्या. पांढऱ्या गेल्या, लाल गेल्या, निळ्याही गेल्या. गाडी इतकी सहज सुरू होत असेल आणि पोरांना ती विकायची नसून नुसती पळवायची असेल, तर रंगाला कोण विचारतो?

आता इमोबिलायझर असलेल्या गाड्यांसाठीही चोरांनी वाटा काढल्या आहेत. बिनचावीच्या, म्हणजे नुसतं बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत, घरातल्या चावीचा सिग्नल यंत्राने लांबवून बाहेरच्या गाडीपर्यंत पोचवतात. गाडीला वाटतं, मालक जवळच आहे. किंवा स्टीअरिंगखाली मेकॅनिक आपलं यंत्र जोडतो त्या सॉकेटला यंत्र लावून नवी कोरी चावी शिकवतात. यावर उपाय जुनेच चांगले : गिअर लॉक, स्टीअरिंग लॉक. ते दिसतात, वेळ खातात, आणि चोराकडे नेमका वेळ नसतो. चावी दाराशेजारच्या खुंटीला न अडकवता आत ठेवायची, आणि बिनचावीची गाडी असेल तर सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत.

आता माझ्याकडे एक बाजू राहिली होती, बाबांची. पांढऱ्या रंगाच्या बाजूने एक फार मोठा मुद्दा आहे आणि तो चोरीचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने 2007 मध्ये गाडीचा रंग आणि अपघात यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाच्या उजेडात पांढऱ्या गाड्यांच्या तुलनेत काळ्या गाड्यांना अपघाताचा धोका सुमारे 12 टक्के जास्त दिसला. करड्या आणि चंदेरी गाड्यांचाही जास्तच होता, कारण त्या रस्त्याच्या रंगात मिसळून जातात. गाडी चोरीला गेली तर पैसे जातात, धडकली तर माणूस जातो. हा आकडा ऐकून नवऱ्याने काळ्या रंगाचा हट्ट आपणहून सोडला. बाबांनी विजयी मुद्रेने चहा मागवला.

म्हणजे सामना पांढऱ्यात आणि केशरीत उरला. दोन्ही लांबून दिसणारे रंग. पांढऱ्याच्या बाजूला ऊन, पुनर्विक्री, सोय. केशरीच्या बाजूला ओळख. विम्याच्या हप्त्यात रंगाने फरक पडत नाही हेही आम्ही विचारून घेतलं. आपल्याकडे हप्ता ठरताना इंजिन किती सीसीचं, गाडीचं वय, तिची विमा-किंमत आणि शहर बघतात, रंग कुणी बघत नाही.

मग मी बाबांना एकच विचारलं. "बाबा, आपण गाडी किती वर्षं वापरतो?" जुनी गाडी आम्ही बारा वर्षं वापरली होती. बारा वर्षांनी विकताना पांढरी की केशरी याने किती हजारांचा फरक पडणार? जे दर चार वर्षांनी गाडी बदलतात त्यांनी पांढऱ्याचा विचार जरूर करावा, त्यांच्यासाठी तो हिशोब खरा आहे. आमच्यासाठी नव्हता. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग नातीला जी हवी ती घ्या. पण गिअर लॉक मी सांगीन त्या दुकानातून."

अशी केशरी गाडी घरी आली. आणि रंगाचा खरा उपयोग काय, ते मला पहिल्या महिन्यातच दिसलं. कॉलनीच्या कोपऱ्यावरचा गुमटीवाला, इस्त्रीवाले काका, रात्रीचा चौकीदार, समोरच्या इमारतीतल्या आजी, सगळ्यांना ती आमची गाडी म्हणून पाठ झाली. नंबर कुणालाच माहीत नाही, पण गाडी माहीत आहे. एकदा नवरा ती सर्व्हिसिंगला सकाळी सहाला घेऊन गेला, तर चौकीदाराने सातला घरी येऊन विचारलं की इतक्या सकाळी गाडी कोण घेऊन गेलं, सगळं ठीक ना? जुनी पांढरी गाडी बारा वर्षांत कितीदा अशी सकाळी बाहेर पडली असेल. कुणी कधी विचारलं नाही, कारण ती आमची आहे की बाजूच्या जोशांची, हे त्यालाही कळत नसे.

माणसं नंबर लक्षात ठेवत नाहीत, रंग ठेवतात. पण त्यासाठी बघणारी माणसं लागतात. विमानतळाच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या केशरी गाडीला कुणीच ओळखत नाही. तिथे रंग काही करणार नाही. आणि रात्रीच्या कृष्णधवल कॅमेऱ्यात आमची केशरी गाडीही एक फिकट ठिपकाच दिसेल. तिथे नंबर प्लेट आणि कुलूप हेच कामाचे.

नंबर प्लेटवरून आठवलं. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना जी हाय सिक्युरिटी प्लेट येते, तिच्यावर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि पुढच्या काचेवर आतून एक तिसरं स्टिकर असतं. ते पेट्रोल-सीएनजीला फिकं निळं, डिझेलला केशरी. काचेवरचं स्टिकर फाडलं तर पुन्हा लावता येत नाही. जुनी गाडी विकत घेताना प्लेटचा आणि या स्टिकरचा मेळ बघावा. गाडीचा रंग आणि आरसीवरचा रंग एकच आहे का तेही बघावं, आणि भैयांनी सांगितलेल्या चोरजागा, म्हणजे दरवाज्याची आतली कड आणि डिकीची चटई, उचलून पाहाव्या. चेसिस नंबर खरवडल्यासारखा वाटला तर तिथूनच परत फिरावं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेवर ती गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हे तपासता येतं. चोरीची गाडी अजाणता घेतली तरी गाडी जप्त होते आणि पैसे बुडतात.

ज्यांना आपल्या गाडीचा रंग बदलून घ्यावासा वाटेल, त्यांनी आधी आरटीओची परवानगी घ्यावी. आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी दिसेल असा बदल परस्पर करता येत नाही. हल्ली मुलं अख्ख्या गाडीला रंगीत रॅप लावतात, त्यांनीही आधी विचारावं. नाहीतर नाक्यावर पोलीस थांबवतील तेव्हा आपल्याच गाडीत आपण चोर ठरू.

मामांच्या प्रकरणातून घरच्या सगळ्यांनी आणखी काही गोष्टी शिकून घेतल्या. गाडी चोरीला गेली की त्याच दिवशी पोलिसांत एफआयआर करायचा. मध्य प्रदेशात 2021 पासून वाहनचोरीसाठी ई-एफआयआरची सोय आहे, तेव्हा रात्री ठाण्यात जाणं जमलं नाही तरी घरून नोंद सुरू करता येते. विमा कंपनीलाही लगेच कळवायचं. मामांना दोन दिवस उशीर झाला होता आणि कंपनीने त्यावरून बरेच आढेवेढे घेतले. पण पोलिसांत लगेच तक्रार दिलेली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. वकिलांनी तो निकाल जोडून पत्र दिलं आणि गाडं पुढे सरकलं. कंपनीने मूळ दोन्ही चाव्या मागितल्या. मामींनी दुसरी चावी देवघरातल्या डबीत जपून ठेवली होती, ती तिथेच सापडली. एक चावी हरवलेली असती तर प्रश्न सुरू झाले असते : कुठे हरवली, कधी, तक्रार केली का?

आणि पैसे मिळाले ते नव्या गाडीचे नव्हेत. विम्यातली किंमत दरवर्षी उतरते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के घसारा धरतात, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. नवी गाडी घेताना पहिल्या काही वर्षांसाठी 'रिटर्न टू इन्व्हॉइस' ही जोड घेतली तर बिलाइतकी रक्कम मिळते. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीला एक रुपयाही मिळत नाही. आपल्याकडे जुन्या गाड्यांना बरेच लोक तेवढाच काढतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता भैयांच्या त्या वाक्याकडे येते. 'चोर सरळ शेजारची पांढरी गाडी नेईल.' एके दिवशी लेकीने हेच वेगळ्या शब्दांत विचारलं. "आई, आपली केशरी आहे म्हणून चोर जोशी काकांची नेणार का? आणि सगळ्यांनीच केशरी घेतल्या तर?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हो असंच आहे, आणि ते मला आवडलं नाही. दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे : सगळ्यांनी घेतल्या तर केशरी हाच नवा पांढरा. ओळख विरळ असण्यात आहे, रंगात नाही. रंग चोरी थांबवत नाही, ती दुसऱ्याच्या दारात ढकलतो. इमोबिलायझरच्या अभ्यासातही सुरुवातीला तसंच झालं होतं. नव्या गाड्या सुरक्षित झाल्या तेव्हा काही चोर उपकरण नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळले. पण तिथे एक फरक होता. सक्ती सगळ्या नव्या गाड्यांना होती, त्यामुळे जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी होत गेल्या तशी वळायला जागाच कमी उरली. सगळ्यांनी चांगलं कुलूप लावलं तर सगळ्यांचाच फायदा होतो. सगळ्यांनी वेगळा रंग लावायचं ठरवलं तर कुणाचाच होत नाही.

म्हणून रंग निवडताना तुम्हाला आवडेल तो निवडा. दोन आवडत असतील तर जो लांबून दिसतो तो, आणि दोन्ही दिसत असतील तर जो गल्लीत दुसऱ्या कुणाचा नाही तो. शोरूममध्ये मात्र रंगाच्या आधी विचारा की या मॉडेलमध्ये, अगदी स्वस्तातल्या प्रकारातही, इमोबिलायझर आहे का. आणि पांढरी घेतली असेल तर घाबरू नका. तुमच्यासारखे बरेच लोक आहेत. फक्त कुलूप शेजाऱ्यापेक्षा कमी दर्जाचं ठेवू नका.

मामांनी विम्याच्या पैशात भर घालून परत गाडी घेतली, परत पांढरीच. सवय, म्हणाले. दसऱ्याला गाडीची पूजा करायला आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. बाबांनी आपल्या दुकानातूनच एक गिअर लॉक आणलं होतं, ते आपट्याच्या पानांबरोबर मामांच्या हातात ठेवलं. लेकीने घरून तिचे रंग नेले होते. तिने मामांना विचारून मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर तळहाताएवढं एक केशरी झेंडूचं फूल काढलं. मामी म्हणाल्या, रंग पावसात जाईल. "जाऊ दे," मामा म्हणाले, "गेला की ती परत काढेल."